पावणेसात इंच

पाच पुरेत. सुरुवातीला पाचच.
सुपारीएवढ्या पायथ्यावर उभे,
अंगठ्याच्या पेराहून जरासे उंच,
करडे, बिनरंगाचे शिपाई
नाशिकहून पार्सलने आले, तेव्हा माझ्या टेबलावर
चोपड्याच्या एका मावशींची कवळी
अर्धी मेणात होती.

मी दात बनवतो.
अमळनेरला, बस स्टँडच्या मागे, एकोणीस वर्षं.
म्हणून असेल,
पहिल्या शिपायाचे मी आधी दात रंगवले,
वरचे चार, किंचित पिवळसर,
तंबाखू न खाणाऱ्या माणसाचे.
चिलखत नंतर.

मे महिना. रंग बाटलीतून ब्रशवर,
ब्रशवरून खांद्यावर जाईतो
वाटेतच वाळतो.
ओल्या फडक्यावर बटर पेपर अंथरायचा,
कूलरकडे पाठ करायची,
अस्तराचा हात सकाळी आठच्या आत मारायचा:
हे नियमांच्या पुस्तकात नाही.
पुस्तक थंड देशात लिहिलेलं असावं.

रणांगण दोन फूट बाय दोन फूट, प्लायचं.
पडकी भिंत साच्यांच्या उरलेल्या प्लास्टरची,
झाडं म्हणजे पऱ्हाटीची मुळं, उलटी रोवलेली,
आणि बोरीच्या पात्रातली वाळू
चहाच्या गाळणीतून चाळलेली.
गाळणीबद्दल घरात विचारणा झाली.
मी कवळी घासत राहिलो.

अडलं ते इंचांवर.
माझी पट्टी मिलिमीटरची, पुस्तक सगळं इंचात.
समोरच्या भटू शिंप्याकडे फीत मागायला गेलो,
तर फितीमागून तोही आला,
गळ्यात ती, कानावर खडू.
"हाई काय शे? भातुकली?"
मी म्हटलं, लढाई.
त्यानं स्टूल ओढलं.

त्याला दिले ते पाच अजून करडेच होते.
एकाला त्यानं खिशातल्या चिंधीचा
तांबडा झगा घातला, दोन टाके घालून,
"म्होरक्या उघडा नको."

चाल सहा इंच. कुंपण ओलांडायचं तर दोन कमी.
बाण आठापर्यंत, पण मेख अशी:
आधी नेम सांगायचा, मग फीत लावायची.
चुकलास तर बाण वाया.
मी डोळे बारीक केले, मान तिरकी केली,
दाताचा केसभर फरक ओळखणारा मी,
सांगितला नेम.
फीत म्हणाली सव्वाआठ.

भटूनं फीत गळ्यातून काढलीच नाही.
भिंतीआडून माझ्या त्या दातवाल्याकडे
त्यानं असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक उंबऱ्यात असतानाच
त्याच्या खांद्याकडे पाहतो.
"पावणेसात."
मीच मोजलं. दोनदा.
पावणेसात. ना दोरा जास्त, ना दोरा कमी.
"मी डोयाघाई मोजस," तो म्हणाला,
फुशारकीनं नाही,
कुणी रक्तगट सांगतो तसं.

फासा टाकला. सहा.

चार रात्री रंगवलेला माझा शिपाई
पहिल्याच डावात उताणा.
बाकीचे चार, एकाच हाताचे, घाईचे,
शेवटपर्यंत उभे राहिले,
हे पुढेही असंच होणार आहे, मला कळलं,
आणि राग आला नाही, याचं नवल वाटलं.

उचलायला हात घातला तर भटूनं अडवलं.
चष्मा कपाळावरून खाली घेतला,
प्लायवर नाक टेकेल इतका वाकला,
आणि कितीतरी वेळ काही बोलला नाही.
बाहेर धुळ्याची शेवटची एसटी हॉर्न देत वळली.

"याले दात बी शेतस रे," तो म्हणाला.

मग फीत काढून माझ्या बाजूला ठेवली,
वाळूतच,
आणि दुसऱ्या करड्याला बोट लावलं:
"आते मना डाव."
डाव माझा होता.
मी काही बोललो नाही.