तोतरी अक्षरं

जाळ्यातून आधी पाय, मग पंख.
शेमडोएची चहा खुडणारी बोटं
बुलबुलाला कुठेच दुखवत नाहीत.
पंखाखाली सुई. मोहरीएवढं रक्त.

प्रयोगशाळेत बारा खुणा करून पाहिल्या,
सात मुक्याच निघाल्या.
उरलेल्या पाच बोलल्या, तोतऱ्या:
दोनच अक्षरं पुन्हा पुन्हा,
अलीकडच्या रानात अठरा वेळा,
मळ्यापलीकडे तेवीस.
मधला आकडा कुणाकडेच नाही.

उसांबाराच्या उतारावर मी त्याला आलेख दाखवला.
"हा चहा ओलांडायला मला वीस मिनिटं लागतात,"
तो म्हणाला,
"पलीकडे लेक दिलीय. दर रविवारी जातो."

मग मळ्याकडे तोंड करून मूठ उघडली.
बुलबुल उडाला,
उन्हाच्या काठावर थबकला,
आणि मागे वळला.