उत्तर आलेले नाही

यॉर्कमध्ये, वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीत
मी नावांचे निवाडे करते.
माणसांच्या नव्हे, इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नावांचे,
ज्यांच्या शेवटी एक टिंब असते
आणि टिंबापुढे देश.
मला तज्ज्ञ म्हणतात.
मानधन साडेसातशे पौंड, निकाल कुणाच्याही बाजूने लागो.
एवढेच की ते पैसे
नेहमी तक्रार करणारा भरतो.

फेब्रुवारीत स्केरीची फाइल आली.
तक्रारदार : मँचेस्टरची कंपनी, फोनमधली बँक,
एकशे बारा पाने, पानांना रंगीत खुणेच्या पट्ट्या.
प्रतिवादी : ई. फ्लेट, स्ट्रॉमनेस, ऑर्कनी बेटे.
त्याच्या बाजूला पान नव्हते, पट्टीही नव्हती.

त्याच्या साइटवर होत्या भरती-ओहोटीच्या वेळा
आणि एका होडीचा फोटो, तोही तिरपा.
होडीच्या नाकाडावर पांढऱ्या रंगात, हाताने : स्केरी.
तिकडे म्हणे समुद्रातल्या खडकाला स्केरी म्हणतात,
भरतीला बुडतो, ओहोटीला डोके काढतो.
हे मी शब्दकोशात पाहिले.
निकालात घातले नाही;
कुणी ते पुरावा म्हणून दिलेच नव्हते.

नाव त्याच्याकडे अठरा वर्षे होते.
मग नऊ दिवस नव्हते.
नूतनीकरण राहून गेले (आजारी होता? समुद्रावर होता? विसरला?)
आणि दहाव्या दिवशी त्याने ते परत घेतले
तेव्हा मँचेस्टरची बँक चार महिन्यांची झाली होती.
मी तारीख धरली ती शेवटच्या नोंदणीची.
अठरा वर्षे एका ओळीत मावली,
नऊ दिवसांना तीन परिच्छेद लागले.

शिवाय तो ई-मेल.
कंपनीने, स्वतःचे नाव लपवून, विचारले होते : विकणार का?
त्याने कळवले : चाळीस हजार. आणि होडी रंगवून द्या.
वकिलांनी पहिले वाक्य पिवळे केले होते.
दुसरे तसेच ठेवले होते.
दुसरे वाचून मी हसले,
आणि परिच्छेद चौदा लिहिला :
"मागितलेली किंमत झालेल्या खर्चाच्या मानाने अवाजवी असून
तीतून हेतू स्वच्छ नसल्याचे दिसते."

मुदत पंधरा कामाच्या दिवसांची.
उत्तर आलेले नाही, असे मी नोंदवले.
मौन म्हणजे कबुली नव्हे, हे मला पाठ आहे,
पण कोऱ्या कागदाची उलटतपासणी
करायची तरी कशी?
एकशे बारा पाने बोलत होती. मी ऐकत होते.
नाव तक्रारदाराच्या हवाली करावे.
सही. हेस्टर ऑर्मरॉड.

जूनमध्ये बर्मिंगहॅमला आम्हा तज्ज्ञांची वार्षिक बैठक.
जेवताना कार्डिफचा ग्विल्यम प्रॉसर
सूप ढवळत म्हणाला,
"तुझा स्केरीचा निकाल वाचला. मी असतो तर तक्रार फेटाळली असती."
"कशावरून?"
"होडीवरून."
इतकेच. मग त्याने पाव मागितला.
"होडी माझ्याही फाइलमध्ये होती, ग्विल्यम."
"असणारच. पण फाइल माझ्याकडे आली नाही ना."

प्रकरणे आमच्यात पाळीपाळीने वाटली जातात,
आडनावांच्या क्रमाने. कुणाची मर्जी नको म्हणून.
त्या आठवड्यात पाळी 'ओ'वर होती.
'पी' पुढच्या सोमवारी.
ई. फ्लेटची फाइल एक शनिवार-रविवार
उशिरा आली असती,
तर दुधाचे दूध वेगळे झाले असते
आणि पाण्याचे पाणीही वेगळे.

माझा निकाल चुकीचा नव्हता.
अपील झाले असते तर टिकला असता.
हे मी गाडीत बसून, डर्बीपर्यंत,
स्वतःला तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने.

आता स्केरी उघडले की बँक उघडते,
व्याजाचे दर, हसरी जोडपी.
त्याचे नवे पान मला शोधून काढावे लागले.
लांबलचक पत्ता, दोन आडव्या रेघा मध्ये,
टाइप करताना एकदा चुकलेच.
भरती-ओहोटीच्या वेळा आजच्या होत्या.
खाली होडी. निळी, नव्याने रंगवलेली.
कुणी रंगवली, कुणाच्या पैशाने,
कुठेच लिहिलेले नव्हते,
आणि विचारण्याचा अधिकार
मला आता उरला नव्हता.

फोटो याही वेळी तिरपाच.