तोर्निओ आणि ट्रॅक्टरच्या मधे

मंगळवारी दुपारी तीनला आम्ही बसतो
भाषा निवडायला.
डिसेंबरातल्या तुर्कूत तीनला अंधारून येतं,
नदीवर बर्फाची साय, खिडकीशी दिवा,
टेबलावर वेलचीचा पाव आणि अर्जांची चळत.

ज्या भाषा कुणाच्याच आईच्या नव्हत्या,
कुणीतरी एकट्यानं बसून, पट्टी लावून आखल्या,
त्यातल्या कुठल्या विश्वकोशात घ्यायच्या
आणि कुठल्यांना नम्रपणे कळवायचं.

निकष तीन. ओहमान ते पाढ्यांसारखे म्हणतात:
पुरावा छापील हवा. तो तिऱ्हाइताचा हवा.
आणि भाषा निर्मात्याचा उंबरठा ओलांडून गेलेली हवी.

पहिली पाच मिनिटांत पास.
तिची अधिवेशनं भरतात, तिकिटं निघालीत,
दोन पंथ पडून त्यांनी एकमेकांशी अबोलाही धरलाय.
भांडण हा उत्तम पुरावा, ओहमान म्हणाले.
दुसरी सिनेमातल्या परग्रहवासीयांची.
तिच्यात लग्नं लागतात म्हणे. घेतली.
तिसरी एका सोळा वर्षांच्या पोराची,
सत्तावीस विभक्त्या आणि एकही वाक्य नाही.
केर्त्तू हळूच म्हणाली, मोठा होऊ दे.

मग बुटांचा एक खोका.
पाठवणारी इम्पी सारिक्को, वय एक्याऐंशी.
नवरा विल्हो गोदीत क्रेन चालवायचा.
एकोणतीस वर्षं, जमिनीपासून चाळीस मीटर वर,
काचेच्या केबिनमधे त्यानं तोविल रचली:
एक कंटेनर उतरवायचा, एक शब्द ठेवायचा.
शब्द अकराशे चाळीस. बोलणारी माणसं दोन.
आता एक.

खोक्यात विल्होची वही, वाणसामानाच्या याद्या,
फ्रीजवरच्या चिठ्ठ्या, एक अर्धवट भांडण
(उरलेलं तोंडी झालं असावं),
आणि थडग्याच्या दगडाचा फोटो.
दगडावर तीन शब्द, तोविलमधे.

आम्ही दगडाशी अडलो.
दगड हे प्रकाशन आहे का?
आहे, आर्मास म्हणाला. कोरलंय, उघड्यावर आहे,
कुणीही जावं, वाचावं,
आपल्या पहिल्या खंडापेक्षा जास्त टिकेल.
पण तिऱ्हाइताचा नाही, ओहमान म्हणाले.
कोरणारा तिऱ्हाईतच होता, केर्त्तू म्हणाली.
त्याला अर्थ कुठे कळत होता?
इथे पाव संपला.
हात वर करायची वेळ आली तेव्हा तीन विरुद्ध एक.
आर्मासही शेवटी नियमाच्या बाजूला गेला.
मीही.

नकाराचं पत्र लिहायचं काम माझ्याकडे असतं.
वाटलं, निदान एक ओळ तिच्या भाषेत लिहावी.
वही उघडली. 'नाही' सापडेना.
तोविलमधे नकार वेगळा नसतोच,
क्रियापदाचा स्वर लांबवायचा,
गोष्ट जितकी हातातून गेलेली, तितका लांब.
आणि 'दखलपात्र'?
त्यातल्या त्यात जवळचा शब्द होता उर्मे:
ज्याच्या चाहुलीनं झोपलेला कुत्रा एक कान उचलतो.

मी नेहमीचा मसुदा काढला,
नाव बदललं, सही केली,
खोका दोरीनं बांधून, वहीसकट, परत पाठवला.

मार्चमधे तो खंड छापून आला.
तोर्निओ गाव जिथे संपतं
तिथेच ट्रॅक्टर सुरू होतो.
मधे सुतभरही फट नाही, मी पाहिलं,
नखानं पाहिलं.

त्याच आठवड्यात इम्पीचं कार्ड.
एकच ओळ, तोविलमधे.
वही तिच्याकडे. आमच्यात वाचणारं कुणी नाही.
दुसऱ्या शब्दातला स्वर तिनं ओढत नेलाय
पार कार्डाच्या कडेपर्यंत,
तिकिटाखालून, आणि पेन टेबलावर उतरलं असणार
तरी थांबली नसावी.