कायाची कुल्फी

सत्तेचाळीस, रेडिओ म्हणाला.
आमच्या पत्र्याखाली मोजायला कुणी आलं नव्हतं.
शाळा बंद, म्हणून शाळेपुढची माझी पेप्सीची पेटीही बंद.
पोरं मामाच्या गावाला,
आणि फ्रीजरचा कप्पा रिकामाच घरघरतोय
जत्रा उठल्यावरच्या पाळण्यासारखा.

काया रांजणाच्या ओल्या बुडाशी पडलेला.
इकडे काळ्याला काया म्हणतात,
आमच्या जिभेवर 'ळ' ठरत नाही,
उन्हात बर्फ ठरत नाही तसा.
त्याची जीभ तेवढी बाहेर, वीतभर.
बाकीचा कुत्रा आत कुठंतरी निघून गेलेला.

जनावरांच्या दवाखान्यातले नगराळे कंपाउंडर
सायकल न उतरताच सांगून गेले होते:
"साखर नाई. मीठ नाई. कांदा तं नाईच नाई.
मनुका, द्राक्षं, चाकलेट, इसरून जा.
अन् गोट्यावानी कडक देऊ नका बाई, दात जाईन त्याचा.
पयले घाम फुटू द्या बरफाले,
मंग द्या."

बर्फाला घाम फुटू द्यायचा.
एवढं मात्र पाठ झालं.

वर्धेच्या रेतीतलं टरबूज, अर्धं.
एकेक बी नखानं काढली,
माणसांसाठी कधी काढली नव्हती.
वाटीभर दही, पाणी घालून पातळ.
साल काळी पडलेलं एक केळं, जे घरात कुणी खाईना.
इडलीपात्रात ओतलं आणि मग आठवलं
की इडलीपात्राला भोकं असतात.
ओटा चाटायला मुंग्या आल्या,
त्यांची पार्टी झाली.

मास्तरीणबाईंकडून अप्पेपात्र आणलं,
सात खळग्यांचं, बिडाचं, जड.
"अप्पे करता का?"
"हो," म्हटलं.
खोटं बोलताना कान तापले,
तसेही ते तापलेलेच होते.

अकराला लाइन गेली. तीनला आली.
साडेतीनला पुन्हा गेली, पाचला आली,
रात्रभर मात्र राहिली, तिची मेहेरबानी.
सकाळी खळगे घट्ट, गुलाबी, वर पांढरी साय.

कुंपणापलीकडून गोकुळाबाई:
"माणसाले पानी नाई प्याले
अन् कुत्र्याले कुल्फी!"
तिच्या म्हशीच्या पाठीवर ओलं पोतं होतं.
तेवढं मी बोलले नाही.

एक खळगा सुरीनं उचकटला,
ताटलीत ठेवला, घाम फुटू दिला.
कायानं हुंगला. मागे सरला.
भुंकला त्याच्यावर, एकदाच, हळू,
पाहुण्याची जात विचारावी तसा.
मग जिभेचं टोक लावलं
आणि चारही पाय हवेत!
परत आला. परत चाटलं.
शेपटीला बातमी उशिरा पोचली,
पण पोचली.

मला वाटलं, आता खाईल.
त्यानं तो दातांत अलगद धरला,
कान पाडून, चोरासारखा,
बाभळीखाली नेला,
पुढच्या पायांनी माती उकरली
आणि पुरून टाकला,
हाडूक पुरतात तसा.
वर नाकानं माती सारली, थापली.
माझ्याकडे बघितलं:
ठेवला. अडीअडचणीला होईल.

काय सांगणार त्याला?
मी पण पुरून ठेवलंय बरंच काही
असल्याच भरवशावर.

उन्हं उतरली तेव्हा तो गेला.
उकरलं. अजून उकरलं.
बाजूला उकरलं, जागा चुकली असेल म्हणून.
डोकं तिरपं करून खड्ड्यात ऐकलं.
नाकावर गुलाबी चिखल,
बाकी काहीच नाही.
माझ्यावर त्याचा संशय आला, स्पष्ट दिसलं.

मग एकाएकी शोधणं सोडलं.
त्या ओल्या खळग्यात गोल फिरला,
दोनदा, तीनदा,
आणि पोट टेकवून बसला.
डोळे मिटले.
एवढा लांब सुस्कारा
कुत्र्याच्या अंगात मावतो
हे ठाऊक नव्हतं मला.

आत आले तर फ्रीज गप्प.
लाइन गेलेली.
अंधारात हात घालून चाचपलं:
उरलेल्या सहा खळग्यांना
हळूहळू घाम फुटत होता.