पिवळे बुश

नाना पेठेत कय्यूमभाईनं
लोअर आर्ममधून काढलेलं जुनं रबर
माझ्या तळहातावर ठेवलं.
भेगाळलेलं, एका अंगाला कललेलं,
एक लाख बारा हजार किलोमीटर
दोन लोखंडांच्या मध्ये राहिलेलं.
“हे सगळं खात होतं, मॅडम,
म्हणून तुम्हाला कळत नव्हतं.”

मला कळायला हवं होतं.
म्हणून पिवळे, पॉलीयुरेथेनचे.
नखानं दाबून पाहिले, तर नखच वाकलं.

पहिल्या रविवारी, पहाटे साडेपाचला, बोपदेव घाट.
येवलेवाडीपुढे खडीचा एक डंपर, मग कोणी नाही.
आधी कसं व्हायचं:
मी स्टिअरिंग वळवायची,
गाडी विचार करायची,
मग वळायची.
आता मधला विचारच गेला.
मनगट आणि पुढचं चाक यांच्यात
तिसरं कोणी उरलं नाही.
ब्रेक दाबला तरी नाक सरळ.
तिसऱ्या वळणावर डांबराचा पोत बदलतो,
खडी मोठी होते,
हे मला तळव्यांनी वाचता आलं.
माथ्यावर गाडी बाजूला घेऊन
मी एकटीच हसले, बराच वेळ.

पण सोमवारी सिंहगड रस्ता होताच.
खणलेला, बुजवलेला, परत खणलेला,
चेंबरचं प्रत्येक झाकण दोन बोटं खाली
आणि प्रत्येकाची खबर थेट माझ्या माकडहाडात.
डॅशबोर्डमागे कुठलीशी क्लिप तडतडू लागली.
टोलची जुनी पावती घडी करून कोंबली,
तर आवाज दारात जाऊन बसला.
थंडीत गतिरोधकावरून उतरताना
पुढून कुईं, कोणी खाट ओढावी तसं.
“ग्रीस मागतं ते,” कय्यूमभाई म्हणाला,
“रबर स्वतः पिळतं. हे नुसतं घसरतं.”

आणि तू.
रात्रपाळी संपवून कॅम्पातल्या हॉस्पिटलच्या
फाटकाशी गाडीत बसायचास,
बोटांना स्पिरिटचा वास,
आणि सारसबाग यायच्या आत तुझी मान कलायची.
धायरीपर्यंत मी झोपलेला माणूस नेत असे,
गिअर हलक्या हातानं टाकत,
हॉर्न न वाजवता.
आता राजाराम पुलाशी तू डोळे मिटतोस.
चेंबर.
उघडतोस.
विचारलं तर म्हणालास, “चांगली वळते की.”
म्हणजे तूही खातच होतास, सुहृद,
मला कळू न देता.

परत नाना पेठ.
“पुढचे छोटे पिवळे ठेवू,
मागचे मोठे, धक्का घेणारे, रबराचे घालू.
दोन्हीकडून थोडी थोडी शिवी बसेल,” तो म्हणाला.
रबर बसवलं, पण बोल्ट सैलच ठेवले.
जॅक काढला, चारही चाकं जमिनीवर टेकवली,
मला म्हणाला, “बसा आत, जशा रोज बसता.”
मग खड्ड्यात उतरून पाना लावला.
मी वरून विचारलं, असं का?
“हवेत आवळलं तर रबर जन्मभर पिळलेलं राहतं.
वजन आलं की मग आवळायचं.”
त्याच्यासाठी ती रोजची गोष्ट होती,
लगेच दुसऱ्या गाडीकडे गेला.

या रविवारी तिसऱ्या वळणावर
खडी मोठी झाली ते मला आठवणीनं कळलं,
तळव्यांनी अर्धंच.
गाडी पुन्हा विचार करते, पण थोडका.
वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू.

आज हिंगण्याला तुझा डोळा लागला.
सारसबाग नव्हे, हिंगणे.
क्लिप अजून तडतडते आहे.
काढलेले दोन पिवळे
फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवलेत,
तुला सांगितलेलं नाही,
धायरी फाट्याच्या वळणावर
ते एकदा इकडून तिकडे जातात.