हात येतात का

सीताबर्डीत, तळघरातल्या दुकानात,
अठराशेचं खोकं: मोबाईल घाला, बघत बसा.
मी विचारलं, यात हात येतात का?
"हात कायले पायजे ताई, सिनेमा पाहा ना."

सिनेमा नाही पाहायचा.
सुगंधा डब्लिनला आहे. कॅरम खेळायचाय.

मग त्यानं खालच्या फळीवरून जुना हेडसेट काढला,
बिल नाही, डाव्या भिंगावर चरा,
पट्टा इतका आवळलेला
की आधीचं डोकं एखाद्या पोराचंच असणार.
मी तीन खाचा सैल केला.
अकरा म्हणाला, साडेदहा हजाराला पटलं.

तिचे साडेनऊ म्हणजे माझे रात्रीचे दोन.
मे महिना. कूलरमध्ये अर्धी बादली ओतली,
अर्धी तशीच राहिली.
फोम गालाला चिकटला
आणि सुगंधा समोर आली:
जांभळे केस, कुणाचाही असावा असा चेहरा,
त्यावर माझा चरा,
कमरेखाली काहीच नाही.

ही कोण बाई, असं वाटेतो
तिनं स्ट्रायकर लावला
आणि मारण्याआधी बोर्डावर
दोनदा टकटक केली.

क्वीन गेली.
मी टाळीला हात पुढे केला,
तळव्यात बारीक थरथर आली,
आणि कुठेतरी बादली कलंडली.
पाय ओले झाले.
तिकडे तर मला पायच नव्हते.