कारण

नांदेडला जलतरण तलावावर बायकांची बॅच दुपारी तीनला,
पायऱ्या भाजतात तेव्हा.
फॉर्मवर वय लिहिलं: एकोणपन्नास.
'कारण' या रकान्यात
माझ्याआधी नसरीननं लिहिलं होतं, गुडघे.
मीही तेच लिहिलं.

खरं कारण रकान्यात मावलं नसतं.
पाळी थांबून सव्वा वर्ष झालं,
रात्री अडीचला अंगातून वाफा निघतात,
उठून फरशीला पाठ टेकते
आणि फरशीखाली कुठंतरी
वसमतकडच्या आमच्या विहिरीचं पाणी हलतं.

तिथं पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकले,
पुढं भोपळा सुटला तरी कळलं नाही.
तेराव्या वर्षी माय म्हणाली, आता पुरे.
तिला काय दिसलं होतं
ते मला पुढच्या महिन्यात समजलं.

जे आलं म्हणून विहीर गेली,
ते आता गेलंय.

शिकवणारी पोरगी माझ्या लेकीहून लहान.
म्हणते, काकू, भिऊ नका, कठडा धरा.
धरते.
तिचं मन राखायला,
मिनिटभर.

संध्याकाळी यांनी विचारलं, केस ओले काऊन?
म्हटलं, गुडघ्यांसाठी.
कानात अजून पाणी होतं;
पुढं काय बोलले, ऐकूच आलं नाही.